ऐकायचा डबा

३ जानेवारी

चिमे,

खुशाली विचारत नाही. तू ठणठणीत आहेस हे मला माहीत आहे. परवाच दुपारी तू आमच्या फळीवरच्या डब्यातून ओरडलीस, "टँकर, टँकर, शाळेमागे गवत पेटलंय," आणि माझ्या हातातला चहा सांडला. माझं लग्न झालं तेव्हा तू दारामागं उभी राहून बोटं चघळायचीस, तोंडातून शब्द फुटायचा नाही. आता सगळ्या खोऱ्याला हाका मारतेस. चांगलं आहे.

काम आहे म्हणून लिहितेय. तुमचे फोन कंट्रोल रूमच्या दारातच काढून घेतात आणि आमच्या घरातला फोन तुझ्या दादाच्या उशाशी असतो, तेव्हा कागदच बरा. अक्षराला हसलीस तर याद राख. चौथीत शाळा सुटली ती सुटली. भट्टीवर विटांचा ट्रक चालवते, तिथं सहीपलीकडे काही लिहावं लागत नाही.

तर ऐक. आपल्या गावच्या आग विझवायच्या पथकाला नवे सेट मिळणार आहेत. जुने डबे आता खरखर जास्त करतात, बोलतात कमी. कुलूपवाला पथकाचा प्रमुख झाल्यापासून त्याला सगळं नवं हवं असतं. त्यानं तीन नमुने आणलेत आणि घरोघर फिरवतोय. महिनाअखेरीला सगळ्यांनी हात वर करून एक निवडायचा.

पहिला नमुना म्हणजे फोनमधलं ॲप. इथं रेंज यायला टेकडीवर चढावं लागतं. टेकडीवर चढलं की आग कुठं लागलीय ते डोळ्यांनीच दिसतं, मग ॲप काय चाटायचं?

दुसरी एक डबी. काड्यापेटीएवढी. टुंई करते, वर अक्षरं उमटतात, मागोमाग तुझा आवाज. आपण फक्त ऐकायचं. आपल्या जुन्या डब्याची नात समज.

तिसरा बोलायचा सेट. काळा, जड, कमरेला अडकवायचा. एरवी मुका असतो. आपल्या गाडीचा ठरलेला सूर तू वाजवलास की स्वतःहून उघडतो आणि मग तुझा आवाज भट्टीच्या पंख्यावरूनही ऐकू येतो, मी बघितलंय. त्याच्या बाजूला बटण आहे. ते दाबलं की आपण बोलायचं आणि तिकडं तू ऐकायचं.

तुझा दादा म्हणतो डबी बरी. मी म्हणते बोलायचा सेट. घरात त्यावरून वाजलंय.

मला एवढंच सांग. इकडून कुणी बटण दाबून बोललं तर तिकडं कोण कोण ऐकतं? तू एकटी, की तुझा साहेबही? आणि ते बोलणं तुम्ही साठवून ठेवता का?

उत्तर भट्टीच्या पत्त्यावर पाठव. घरी नको.

वहिनी


११ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र बघून आधी घाबरलेच. म्हटलं दादाला काही झालं की काय. पूर्ण वाचलं आणि हसत सुटले. सेटसाठी पत्र! आणि तेही घरी कळू न देता! दादाच्या वाढदिवसाला त्याच्या कमरेला तो काळा सेट बांधून चकित करायचा बेत दिसतोय तुझा.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. खोलीत आम्ही चौघी आणि मागच्या काचेआड साहेब. आलेला प्रत्येक आवाज सगळ्यांना ऐकू जातो आणि सगळं साठवलं जातं. काही वावगं झालं तर पुन्हा लावून ऐकतात. म्हणून तर बोलायच्या सेटवर कुणीही काहीही बडबडून चालत नाही. बटण दाबायचं, एक श्वास थांबायचं, मग बोलायचं. घाईनं बोललं तर पहिला शब्द गिळला जातो. तू तर सेटच्या वाटेलाच जाऊ नकोस, तुझे पहिले चार शब्द जातील.

आता मनातलं सांगू? दादाला डबी हवी असेल तर घेऊ दे. तो तसाही कामाचा माणूस, बोलण्याचा नाही. डबा वाजला की निघतो, पाणी पोचतं, झालं. तुला सांगते, मी टँकरचा सूर वाजवते तेव्हा दर वेळी माझी मान ताठ होते. आमच्या भिंतीवर रंगाच्या गोदामाच्या आगीनंतरचा त्याचा फोटो आहे, पदक लावलेला. नवीन मुली आल्या की मी दाखवते. त्या गोदामातून दोन माणसं त्यानं पाठीवर आणली, हे इथं सगळ्यांना पाठ आहे. आणि वय वाढलं तरी त्याचा वेग बघ. आगीच्या मोठ्या गाडीवाले परवा म्हणत होते, हल्ली टँकर आमच्याआधी पोचलेला असतो, चालवणारा वळणं कापतो कशी!

सेट कोणताही आला तरी असणार त्याच्याच कमरेला. तू कशाला डोकं शिणवतेस?

तब्येतीला जप. दादाला माझा नमस्कार. (की कळवायचा नाही? गंमतच आहे.)

चिमी


१९ जानेवारी

चिमे,

वळणं मी कापते.

हे वाक्य पुन्हा वाच, मग पुढं ये.

तुझ्या दादानं वर्षभर टँकरच्या चाकाला हात लावलेला नाही. रंगाच्या गोदामातून त्यानं दोघांना काढलं, तिसरा आत राहिला, हे तुमच्या फोटोखाली लिहिलंय का? तो तिसरा याच्या बरोबर शाळेत होता. त्यानंतर पहिल्यांदा डबा वाजला तेव्हा तुझा दादा पलंगाच्या कडेला बसून बुटाची नाडी बांधत होता. मी म्हटलं, चल. तो म्हणाला, हो. आणि बांधतच राहिला. एक बूट पायात, एक हातात, ती नाडी सुटायची आणि हा पुन्हा बांधायचा. बाहेर कुलूपवाला हॉर्न बडवत होता. मी खुंटीवरचा कोट ओढला, टोपी घातली आणि जाऊन टँकरवर बसले. कुलूपवाल्यानं माझ्याकडं बघितलं, घराकडं बघितलं आणि म्हणाला, "चल, उशीर होतोय." त्यानंतर आजपर्यंत त्यानं त्यावर एक अक्षर काढलेलं नाही.

तो टँकर म्हणजे माझ्या विटांच्या ट्रकाचा धाकटा भाऊ. जड गाडीचं लायसन्स मी तुझ्या दादाच्या आधी काढलंय. तरी माझं नाव तुमच्या यादीत नाही, कारण एका घरातला एकच. का, तर दोघंही गेले तर घरी लेकरांना कोण बघणार. आमची पोरगी लग्न होऊन गेली. आता घरात बघायला कोण आहे, मांजर?

पथकात सगळ्यांना माहीत आहे. वेल्डरला माहीत आहे, शिंप्याला माहीत आहे. भट्टीवर डबा वाजला की शेठ स्वतः माझ्या ट्रकापुढचं फाटक उघडतो. ज्या बाईच्या हाकेवर आम्ही धावतो, तेवढी एक सोडून सगळ्यांना.

तुझा दादा घाबरतो. बस. त्याला दुसरा शब्द नाही आणि त्यात लाजही नाही. आगीला घाबरणारा माणूस मूर्ख नसतो. मला राग त्याच्या घाबरण्याचा नाही. डबी घेऊ म्हणतो ना, त्याचा आहे. डबीत बोलायचं नसतं. बोलायचं नसलं की कोण आलं ते कुणाला कळत नाही. तुम्ही तिकडं फोटोकडं बघत बसा, आम्ही इकडं कोट घालून जातो.

आणि हे नुसतं माझ्या मानापानाचं आहे असं समजू नकोस. वखार आठवते? लाकडाची, पुलापलीकडची? मी पुलावर पोचले तर मध्ये ऊस भरलेली गाडी आडवी झालेली. टाकीकडच्या रस्त्यानं वळसा घालून जाता आलं असतं. मला जाता आलं असतं आणि मागून येणाऱ्या तुमच्या मोठ्या गाडीलाही. पण सांगू कुणाला? आमच्या टँकरमध्ये बोलायचा सेट नाही, कुलूपवाल्याकडचा एकुलता एक सेट तेव्हा भलतीकडं होता. मी खाली उतरून दोन्ही हात हलवत होते, बुजगावण्यासारखी. मोठी गाडी येऊन माझ्या ढुंगणाला लागली आणि दोघीही अडकलो. आणि टँकरमधल्या ऐकायच्या डब्यातून तू म्हणत होतीस, "टँकर पुढे पोचला आहे, मोठ्या गाडीनं पुलावरून यावं." मी तुला शिव्या देत होते, चिमे. मोठमोठ्यानं. त्यातली एकही तुझ्यापर्यंत पोचत नव्हती.

वखार गेली. सुतार अजून रोज तिथं जाऊन बसतो.

मला बोलायचा सेट हवा आहे. आता विचार, मी कशाला डोकं शिणवते.

वहिनी


२७ जानेवारी

वहिनी,

चार दिवस पत्र उशीखाली ठेवून झोपले. पहिल्यांदा वाटलं तू रागानं काहीतरी लिहिलंस. मग आमच्याकडची वखारीच्या दिवसाची नोंद काढून बघितली. तिथं माझ्याच हातानं लिहिलंय, "टँकरला उशीर, कारण अज्ञात."

दादानं मला का नाही सांगितलं? मी काय परकी आहे?

आता मी काय करायचं ते तू सांग. यादीत नसलेलं माणूस गाडी चालवतंय हे कळल्यावर मी ते साहेबांना कळवायला बांधलेली आहे. कळवलं तर टँकर उभा राहील, कुलूपवाल्याचं प्रमुखपद जाईल आणि दादाचा फोटो उतरेल. साहेब उतरवतील हं, ते तसेच आहेत. मी रोज त्या रिकाम्या खिळ्याखाली बसायचं?

मी कळवणार नाही. पण तू माझं ऐक. डबी निवडा म्हणजे प्रश्नच मिटला. पथकानं बोलायचा सेट घेतलाच, तर तू बोलू नकोस. बटण नुसतं दोनदा दाब. इकडं टिक टिक असा आवाज येतो. जिथं तोंडानं बोलणं शक्य नसतं तिथले लोक असंच करतात, आमच्याकडं ते चालतं. मी समजेन आणि नोंदवेन, "टँकर निघाला." रस्ता बंद असेल तर तीनदा दाब. कुणाला काही कळणार नाही. पाणीही पोचेल, दादाचं नावही राहील.

एवढं माझ्यासाठी कर. मी आजवर तुझ्याकडं काही मागितलेलं नाही.

चिमी


४ फेब्रुवारी

चिमे,

मी काय पाल आहे, चुकचुकायला?

दोनदा टिकटिक म्हणजे निघाले, तीनदा म्हणजे रस्ता बंद. आणि रस्त्यावर माणूस पडला असेल तर? विजेचा खांब कलला असेल तर? दार आतून लावलेलं असेल आणि आत कुणीतरी ते बडवत असेल तर किती वेळा टिकटिक करू? तुझ्या दादाचं नाव राखायला मी बोटानं बोलायचं. उद्या म्हणशील रडतानाही टिकटिकच कर.

आणि मागितलं नाहीस म्हणे! तुझ्या नोकरीच्या परीक्षेला तुला ट्रकात बसवून कोण घेऊन गेलं होतं? विटांच्या ढिगावर बसून तू पाठांतर करत होतीस. उतरलीस तेव्हा मागून सगळी लाल होतीस.

आता इकडची हकीकत ऐक. बैठक झाली. कुलूपवाल्याच्या दुकानातच, सगळीकडं लटकलेल्या किल्ल्या, कुणी जांभई दिली तरी किणकिण. तुझा दादा आला होता. दाढी करून आला होता. कुलूपवाल्यानं विचारलं, डबी कुणाला हवी? तुझ्या दादानं हात वर केला. शिंप्यानं केला, त्याला वाटतं बोलायचा सेट कमरेला लावला तर पाटलोण घसरते. आणखी दोघांनी केला. मग विचारलं, बोलायचा सेट कुणाला? तर मी हात वर केला.

कुलूपवाला म्हणाला, "एका घराचा एकच हात, बाई."

मी म्हटलं, "मग त्या घरातून टँकरवर जे येतं त्याचा मोज."

लटकलेल्या किल्ल्याही वाजेनात. इतके दिवस सगळ्यांनी पोटात ठेवलेली गोष्ट मी काउंटरवर आपटली होती. सगळे तुझ्या दादाकडं बघायचं टाळत होते. वेल्डर तर छताकडं बघत होता. मग तुझ्या दादानं हात खाली घेतला, उठला आणि निघून गेला. पण हात खाली घेतला, हे सगळ्यांनी बघितलं.

बोलायचा सेट आला. एका हाताच्या फरकानं आला. कुलूपवाल्यानं टँकरचा सेट माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "हा अजून तुझ्या नवऱ्याच्या नावावर आहे बरं का." मी म्हटलं, "नवराही माझ्याच नावावर आहे, काळजी करू नकोस."

तेव्हापासून तुझा दादा माझ्याशी बोलत नाही. जेवतो, ताट धुतो, खिडकीशी बसतो. मीही मनधरणी करणार नाही.

मी भट्टीच्या मागं जाऊन बटण दाबायला शिकतेय. सेट बंद ठेवून, घाबरू नकोस. वेल्डर त्याच्या सेटवर ऐकून सांगणार होता तेव्हा एकदाच चालू केला, तेही आपसातल्या चॅनेलवर, ते तुमच्याकडं येत नाही. पहिला शब्द गेला. पुन्हा केला, पुन्हा गेला. तो म्हणाला, "तुम्ही बटण दाबायच्या आधीच बोलायला लागता." एक श्वास थांबायचं म्हणे. आजवर थांबूनच होते की.

एक मार्चला सगळ्या सेटांची हजेरी आहे. तू नंबर वाचणार आणि ज्यानं त्यानं उत्तर द्यायचं. मी देणार. तोंडानं.

वहिनी


१२ फेब्रुवारी

वहिनी,

घाईत लिहितेय. हजेरीच्या दिवशी साहेब काचेआड नाही, माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसणार आहेत. यादीत नसलेला आवाज आला तर ते त्याच क्षणी टँकर बंद करतील. मग तुझं बरोबर की माझं, याला अर्थच उरणार नाही, कारण पाणी घेऊन जायलाच कुणी नसेल. दादा जाणार नाही. तू जाऊ शकणार नाहीस. खोरं तसंच पडेल. हट्टापायी तेवढं करशील?

मला थोडा वेळ दे. "एका घरातला एकच" हा नियम बदलता येईल का, ते मी साहेबांना विचारते. त्यांचं उत्तर येईपर्यंत गप्प राहा. गप्प राहणं म्हणजे हरणं नव्हे.

चिमी


२२ फेब्रुवारी

वहिनी,

तुला तिकडचं सगळं माहीत आहे, इकडचं नाही. म्हणून लिहिते.

गादी कारखान्याचा फोन आला तेव्हा जेवणाची सुट्टी संपत होती. कापूस पेटलाय म्हटल्यावर माझे हात आपोआप चालले. पथकाचा सूर, टँकरचा सूर, पत्ता, मोठ्या गाडीला निरोप. मग मी कान लावून बसले. टिक टिक येईल म्हणून. खरं सांगते, मी देवाला म्हटलं, येऊ दे टिक टिक.

काही आलं नाही. मी पुन्हा हाक मारली. आणि मग सेट उघडला, पहिला शब्द गेला, आणि तुझा आवाज सगळ्या खोलीत भरला. "...मी चालवतेय. कारखान्याच्या रस्त्यावर विजेची तार पडलीय, ठिणग्या उडतायत. मोठ्या गाडीला इकडं आणू नका. टाकीकडून वळवा. ऐकलं का, चिमे? टाकीकडून!"

बाकीच्या तिघींचे हात जागच्या जागी थांबले. साहेब काचेमागून बाहेर आले आणि म्हणाले, "ही कोण बोलतेय?"

माझ्यापुढं दोन गोष्टी होत्या. तुझ्याशी आधी बोलायचं की त्यांच्याशी. मी बोलायची पायाखालची पट्टी दाबली, एक श्वास थांबले आणि म्हटलं, "टँकर, स्वच्छ ऐकलं. मोठी गाडी टाकीकडून वळवते." मग मागं वळून सांगितलं, "टँकरच्या चालक आहेत, साहेब. माझी वहिनी. वर्षभर त्याच चालवतात आणि मला माहीत होतं."

मोठ्या गाडीचा चालक लगेच ओरडला की टाकीच्या रस्त्याचं फाटक हल्ली कुलूपबंद असतं, किल्ली पथकाच्या शेडमध्ये. मी शेडला हाक मारली. सगळे आगीकडं निघालेले, शेडमध्ये कोण असणार? मी तरी हाक मारली. आणि तिथल्या सेटवरून एक आवाज आला. पहिला शब्द न गिळता, सावकाश. "शेडवरून बोलतोय. किल्ली माझ्या हातात आहे. मी फाटकाकडे निघालो."

वहिनी, तो आवाज मी लहानपणापासून ओळखते. तो तिथं कसा पोचला?

मोठी गाडी टाकीच्या रस्त्यानं गेली. मागच्या खोलीतल्या शिवणकाम करणाऱ्या बायका बाहेर आल्या. तार तशीच असताना गाडी तिच्यावर गेली असती तर काय झालं असतं, ते मी मनात आणत नाही.

आता वाईट ते सांगते. साहेबांनी मला टेबलावरून काढून सामानाच्या खोलीत बसवलंय, चौकशी होईपर्यंत. बॅटऱ्या मोजतेय. आणि तुझा सेट परत घ्यायचा हुकूम कुलूपवाल्याकडं निघालाय. नियमाचं मी साहेबांना आधीच विचारलं होतं. ते एका शब्दात नाही म्हणाले होते. तुला कळवलं नाही, वाटलं कळवलं तर तू जास्तच पेटशील.

न कळवताही पेटलीसच.

दादाचा फोटो अजून भिंतीवर आहे. साहेब दोनदा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. काय विचार करत होते, कोण जाणे.

चिमी


१ मार्च

चिमे,

बॅटऱ्या मोजतेस तर नीट मोज, आमच्याकडं आलेल्या दोन फुगलेल्या निघाल्या.

तुझा दादा शेडमध्ये कसा पोचला ते ऐक. तू सूर वाजवलास तेव्हा मी भट्टीवर होते, तो घरी. त्याच्या फळीवर जुना डबा अजून चालूच होता, मी काढला नव्हता. आधी तू बोललीस, मग मी. माझा आवाज त्या डब्यातून येईल असं त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. म्हणाला, "तू तारेचं बोललीस तेव्हा मला टाकीचं फाटक दिसलं." बाकी काही सांगत नाही. चपला घालून शेडपर्यंत पळाला. चपलेला नाडी नसते, बघ.

मी परत येताना तो फाटकाशी उभा होता, दोन्ही हातांनी फाटक धरून, जसं काही सोडलं तर पळून जाईल. मी टँकर थांबवला. म्हटलं, बैस. तो म्हणाला, "आगीजवळ नको." मी म्हटलं, "आगीजवळून आलेय, घरी चाललेय, बैस." बसला. वाटेत म्हणाला, "शेडमधल्या सेटवर बसायला कुणी लागेल ना पथकाला?" मी म्हटलं, कुलूपवाल्याला विचार. मी कुणाची शिफारस करत नाही.

आता त्याचं बोलणं पुन्हा सुरू झालंय. पहिल्याच दिवशी माझ्या गाडी वळवण्यात चूक काढली.

आज हजेरी झाली. तुझ्या जागी कुणीतरी दुसरी होती, आवाज कोवळा, कागद वाचल्यासारखं बोलत होती. पथक प्रमुख, हजर. वेल्डर, हजर. शिंपी, हजर. पंप, हजर. आणि टँकर गाळून ती पुढच्या गावावर गेली. तुझ्या साहेबानं खोडलं असणार.

मी भट्टीच्या अंगणात उभी होते, सेट हातात. भोवती सगळे, शेठसुद्धा. मी बटण दाबलं. एक श्वास थांबले. आयुष्यात पहिल्यांदा थांबले असेन. मग म्हटलं, "टँकर. हजर. चालक मी आहे. तुमच्या यादीत नाही, गाडीत आहे."

तिकडं काहीच आवाज नाही. खरखर सुद्धा नाही. शेठ म्हणाला, बंद केला की काय. मग ती कोवळी पोरगी हळूच म्हणाली, "टँकर, ऐकलं." एवढंच. पण वेल्डर सांगत होता, अख्ख्या शब्दांनिशी गेलं, एकही गिळलं नाही. तुमच्याकडं सगळं साठवतात ना? मग हेही साठवलं असेल. साहेबाला म्हणावं, पुन्हा लावून ऐका.

संध्याकाळी कुलूपवाला हुकूम घेऊन दारात आला. तोंड असं केलं होतं की मलाच त्याची दया आली. म्हणाला, "बाई, वरून लिहून आलंय. या घराला दिलेलं यंत्र परत करा, पोच पाठवा. मला लाजवू नका." मी हुकूम वाचून घेतला. तुझ्या दादानं वाचून दाखवला, मोठ्यानं, दोनदा. त्यात यंत्र म्हटलंय. कोणतं ते म्हटलेलं नाही.

मी फळीवर चढले, इतकी वर्षं तिथं बसलेला जुना डबा काढला, वरची धूळ पदरानं पुसली आणि त्याच्या हातात दिला. कुलूपवाल्यानं डब्याकडं बघितलं, माझ्या कमरेकडं बघितलं, तुझ्या दादाकडं बघितलं. मग पोच लिहून दिली. भला माणूस आहे.

उद्या तो डबा सामानाच्या खोलीत, म्हणजे तुझ्याच हातात येईल. मोजून घे आणि साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेव. सांग, वहिनीनं ऐकायचा डबा परत पाठवलाय. बोलायचा तिच्याकडंच राहील. कुणाला हवा असेल त्यानं आग लागलेली असताना येऊन मागावा.

वहिनी